दसऱ्याची गाडी, काळी चाकं आणि ॲसिडची बाटली

(कळसाडीच्या बचत गटातल्या आम्ही बायकांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)

आम्ही कळसाडीहून बोलतोय. दसरा जवळ आला. घरं झाडून झाली, गोधड्या धुऊन वाळल्या, झेंडूचा भाव काय निघेल याची चौकशी सुरू झाली. आता अंगणात उभी असलेली गाडी तेवढी राहिली.

दसऱ्याला आपण औतफाटा पुजतो, विळा-कोयता पुजतो, शिवणाचं मशीन पुजतो, तशी गाडीही पुजतो. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची पिकअप, कुणाची जीप, कुणाची मोटारसायकल. हार बांधायचा, हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची. पण त्याआधी ती धुवायची असते. ती धुणार कोण? गाडीच्या कर्जाला गटातून सही आमची, धुवायची बादली आमच्या हातात, चावी तेवढी दुसऱ्याच्या खिशात. असो. तो विषय पुन्हा कधीतरी सविस्तर घेऊ. आज चाकांवर बोलायचं आहे.

मागच्या दसऱ्याला आमच्या गटातल्या एकीच्या घरी काय झालं ते आधी सांगतो. तिच्या मुलाने जुनी चारचाकी घेतली होती. पुढची दोन्ही चाकं काळीकुट्ट. साबण लावला, काथ्याने घासलं, तरी काळेपणा तसाच. दुकानातून एकाने सुटं ॲसिड आणून दिलं. संडास धुवायचं असतं ना, ते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून. तिने ते चाकावर ओतलं. पांढरा फेस आला, धूर निघाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चाक धुतल्यावर क्षणभर चकाचक दिसलं, आणि वाळल्यावर त्यावर पांढरे-राखाडी डाग उमटले, ते आजही तसेच आहेत. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची साल गेली. पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही. हे सगळं परवडलं म्हणायचं, कारण उरलेली बाटली तिने ओट्याच्या कडेला ठेवली होती आणि तिच्या चार वर्षांच्या नातवाने ती पाणी समजून उचलली. झाकण घट्ट होतं. घट्ट होतं म्हणून वाचलो, एवढंच.

त्या दिवसानंतर आम्ही गटाच्या बैठकीत हा विषय घेतला. चाकाचा काळेपणा म्हणजे नेमकं काय, तो कशाने जातो, कशाने जात नाही, हे विचारत गेलो. गॅरेजवाल्याला विचारलं, दवाखान्यात विचारलं, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहिलं. ते आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी तो काळा थर. आपल्याला वाटतं तो रस्त्यावरचा चिखल आहे. चिखल असतोच, आपली काळी जमीन पावसाळ्यात चाकाला अशी धरते की खुरप्याने काढावी लागते. पण चिखल पाण्याने सुटतो. जो सुटत नाही तो ब्रेकचा भुगा असतो. ब्रेक दाबला की आतलं पॅड लोखंडी चकतीवर घासतं, दोन्ही थोडं थोडं झिजतं, आणि त्याची बारीक काळी भुकटी चाकावर बसते. त्यात लोखंडाचा कीस असतो. तो गरम असताना उडतो आणि चाकाच्या रंगावर रुतून बसतो. वर दव पडलं, पाऊस पडला की त्या किसाला गंज चढतो. म्हणून काही चाकांवर काळ्यासोबत तांबूस ठिपके दिसतात. चाक गंजलंय असं वाटतं, पण गंज बहुतेक वेळा त्या किसाचा असतो.

आता तुम्ही विचाराल, पुढचीच चाकं जास्त काळी का? ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे पुढच्या ब्रेकवर जास्त काम पडतं. शिवाय पुष्कळ गाड्यांना पुढे उघडी डिस्क असते आणि मागे झाकलेला ड्रम. ड्रमचा भुगा आतच साठतो. तोरणमाळच्या घाटातून उतरून आलेली गाडी बघा, किंवा धडगावकडून उतरलेली. सपाट रस्त्यावर आठवडाभर फिरून जेवढी चाकं काळी होत नाहीत तेवढी त्या एका उतारावर होतात. आणि अशी गाडी दारात आली की लगेच चाकांवर पाणी मारू नका. चकती तापलेल्या तव्यासारखी असते. तापल्या तव्यावर गार पाणी ओतलं की तवा वाकडा होतो, तसं त्या चकतीचंही होऊ शकतं. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहू द्या. हाताची मागची बाजू चाकाजवळ न्या, धग लागली नाही तरच सुरू करा.

या भुग्याबद्दल एक गोष्ट जपून ऐका. कोरडा भुगा झटकायचा नाही, तोंडाने फुंकायचा नाही, हवेच्या पंपाने उडवायचा नाही. जुन्या आणि स्वस्तातल्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचं खनिज वापरत आले आहेत, आणि आपल्या देशात त्याच्या वापरावर सरसकट बंदी अजून नाही. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी निघतो. ते जाऊ द्या, नुसता लोखंडाचा कीस तरी छातीत कशाला घ्यायचा? आधी पाण्याने भिजवायचं, मग हात लावायचा. ड्रम उघडायचं काम तर मिस्तरीचंच, आणि मिस्तरी पंप मारत असेल तेव्हा पोरांना घेऊन जवळ उभं राहू नका.

दुसरी गोष्ट, चाक कशाचं आहे ते ओळखायचं. ट्रॅक्टरचं, पिकअपचं, जुन्या जीपचं चाक बहुतेक पत्र्याचं, म्हणजे लोखंडाचं, रंग दिलेलं. नव्या गाड्यांना आणि पुष्कळ मोटारसायकलींना ॲलॉयचं असतं. आपल्याकडे त्याला मॅग व्हील म्हणतात. नाव मॅग असलं तरी ते मुख्यतः ॲल्युमिनियमचं, वरून पारदर्शक रंगाचा थर दिलेलं. जुन्या मोटारसायकलींना तारा असतात आणि रिमला चकचकीत क्रोम. ओळखायची सोपी रीत सांगतो: जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक घ्या आणि चाकाला लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर ॲलॉय. वर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढून आतल्या चाकाला लावा, नाहीतर फसाल. आमच्यातली एक फसली.

हे ओळखायचं कशासाठी? तर आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार रात्रभर ठेवलं तर पातेलं आतून खरबरीत होतं. त्याच पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून उकळलं तर ते काळं पडतं. म्हणजे आंबट असो की खार, ॲल्युमिनियमला दोन्ही सोसत नाही. तांब्या-पितळेला चिंच लावली की ती लख्ख होतात, म्हणून आपल्याला वाटतं आंबट लावलं की सगळंच उजळतं. तांब्याचा नियम जर्मनला लागू नाही. मॅग व्हील हे आपल्या जर्मनच्या पातेल्याचंच भावंड आहे. त्याच्यावर ॲसिड ओतलं की वरचा पारदर्शक थर जातो, खालचा धातू खाल्ला जातो आणि जे डाग पडतात ते घासून जात नाहीत. कॉस्टिक सोड्याने तर ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळतं. पत्र्याच्या चाकावर ॲसिड मारलं तर गंज निघतो खरा, पण रंगही निघतो, आणि उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसात दुप्पट गंजतो. शिवाय ते ॲसिड नटांच्या सांध्यात आणि ब्रेकच्या चकतीवर ओघळतं. चाकाचे नट खाल्ले गेले तर पुढे काय होईल याचा विचार करा. त्या गाडीत आपलीच माणसं बसतात.

मग वापरायचं काय? सांगितलं तर हसाल. डोक्याला लावायच्या शांपूची पुडी. अर्धी बादली पाणी, दोन पुड्या शांपू, फेस होईस्तोवर ढवळायचं. गाडी धुण्याचा म्हणून वेगळा शांपू मिळतो, तो उत्तम, एक बाटली गटात चौघींनी मिळून घेतली तर वर्ष निघतं. पण नसेल तर पुडी चालते. भांडी घासायचं पातळ साबणही एखादवेळ चालेल. कपड्याची पावडर मात्र टाळा. तिच्यात सोडा असतो, हातही सोलवटतात आणि मॅग व्हीलची चमकही हळूहळू जाते. तारेचा काथ्या, वाळू, राख, विटेचा चुरा, यातलं काही नको. मऊ ब्रश घ्या, रंगाचा जुना ब्रश चांगला, आणि नटांच्या फटींसाठी टाकून दिलेला दात घासायचा ब्रश.

काम असं करायचं. सकाळचं ऊन चढायच्या आत किंवा सावलीत. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड लावून. हे दगड विसरू नका, चाकाशी बसून काम करताना आपला पाय चाकाखालीच असतो. एकावेळी एकच चाक घ्यायचं. आधी नुसत्या पाण्याने भिजवून चिखल आणि सुटा भुगा उतरवायचा. मग शांपूचं पाणी लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही. मग ब्रशने वरून खाली. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि फडक्याने पुसायचं. पुसणं महत्त्वाचं, कारण आपल्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके उठतात आणि मग आपल्याला वाटतं अजून मळ आहे. चाकं आधी, बाकी गाडी नंतर. चाकाची बादली, ब्रश आणि फडकं वेगळं ठेवायचं. त्या फडक्यात लोखंडाचा कीस असतो, त्याने दरवाजा पुसला तर रंगावर ओरखडे पडतात. आणि हे फडकं घरच्या धुण्यात टाकायचं नाही, बाळाच्या दुपट्यांसोबत तर मुळीच नाही.

डांबराचे ठिपके असतील तर त्यावर थोडं खोबरेल किंवा खायचं तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग शांपूने काढा. रॉकेल आणि डिझेल लावायची आपल्याकडे फार सवय. डिझेलने टायरचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, हाताच्या कातडीला ते शोषलं जातं, आणि शेजारी चूल किंवा बिडी असेल तर ते वेगळंच. तेल असो की डिझेल, की टायर काळा दिसावा म्हणून लावतात ते पॉलिश असो, ब्रेकच्या चकतीला आणि टायर रस्त्याला टेकतो त्या भागाला लागता कामा नये. मोटारसायकलची डिस्क चमकावी म्हणून तिला तेलाचा हात फिरवणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. डिस्क चमकते, गाडी थांबत नाही.

हे सगळं करूनही काही चाकांचा काळेपणा जात नाही. वर्षानुवर्षं बसलेला असतो. तिथे तयार क्लीनर घ्यायची वेळ येते, आणि निवडायला शिकायचं ते इथेच. बाजारात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात, सगळ्यांवर चमकणाऱ्या चाकाचं चित्र. आपण चित्र बघायचं नाही, मागची बारीक अक्षरं बघायची. ती बहुतेक इंग्रजीत असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्या. तिला सांगा, पीएच हा शब्द शोध. साधं पाणी पीएच ७, लिंबाचा रस साधारण २, धुण्याच्या सोड्याचं पाणी ११च्या आसपास. चाकाच्या क्लीनरवर ‘पीएच न्यूट्रल’, म्हणजे साताच्या जवळपास, असं लिहिलेलं असेल आणि ‘सर्व चाकांसाठी सुरक्षित’ असं असेल तर ते घ्यायचं. जिच्यावर काय घातलंय तेच लिहिलेलं नाही ती बाटली कितीही स्वस्त असली तरी परत ठेवायची. वाचता येत नसेल तर चित्र ओळखा: तिरक्या चौकोनात, नळीतून थेंब पडतोय आणि खाली एक हात व एक पट्टी झिजतेय. त्याचा अर्थ, हे कातडी आणि धातू दोन्ही खातं.

ब्रेकच्या किसासाठी म्हणून एक वेगळं औषध मिळतं. ते चाकावर मारलं की दोन-चार मिनिटांत जांभळे-लाल ओघळ यायला लागतात. पहिल्यांदा पाहिलं तर धडकी भरते, पण तो रंग म्हणजे औषधाने लोखंड पकडल्याची खूण आहे. त्याचा वास फार घाण. कुणाला तो ओळखीचा वाटेल, कारण त्यात थायोग्लायकोलेट असतं आणि त्याच कुळातलं द्रव्य केस काढायच्या क्रीममध्येही असतं. म्हणजे हे सौम्य असलं तरी कातडीशी खेळ नाही, हातमोजे हवेतच. उघड्यावर वापरा, गोठ्यात किंवा बंद पडवीत नको. चाकावर वाळू देऊ नका. वर्षातून दोनदा पुरे, दसऱ्याला एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा. दर आठवड्याला शांपूचं पाणी फिरवत राहिलात तर त्याचीही गरज पडणार नाही, आणि पैसे वाचतील.

आता सर्वांत वाईट प्रकार. ट्रकच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या, गंजलेली चाकं एका फवाऱ्यात पांढरी करणारी काही औषधं असतात. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकतं. हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. हे ॲसिड पातळ असेल तर लागल्या लागल्या फारसं दुखतही नाही. कातडी ठीक दिसते. काही तासांनी, कधी रात्री, बोटं आतून ठणकायला लागतात, कारण ते कातडीतून आत जाऊन हाडातल्या आणि रक्तातल्या कॅल्शियमला धरतं. जास्त अंगावर पडलं तर हृदयावरही परिणाम होतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट नावाचं औषध डॉक्टर देतात, पण डॉक्टरांना कळायला हवं की कशाने भाजलंय.

हे तुम्हाला का सांगतो? आपण घरी हे वापरणार नाहीच. पण आपली पोरं सुरतेला जातात, नंदुरबारला, शहाद्याला वॉशिंग सेंटरवर राहतात. चप्पल घालून, उघड्या हाताने, दिवसभर त्या फेसात. दिवाळीला पोरगा घरी आला की त्याची बोटं बघा. नखांच्या कडा पांढऱ्या, कातडी फाटलेली असेल तर विचारा, कोणत्या डब्यातलं औषध मारतोस, डब्यावर काय लिहिलंय. मोबाईलवर डब्याचा फोटो मागवा. गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मालकाकडे मागायला लाज कसली? मालक देत नसेल तर आपण घेऊन द्या.

हातमोज्यांचं म्हणाल तर, हाताला कॅरीबॅग बांधून चालत नाही. ती फाटते आणि ॲसिड आत साठून राहतं, ते उघड्या हातापेक्षा वाईट. डोळ्यांना साधा चष्मा तरी हवा, फवारणीचा बंद चष्मा असेल तर उत्तम. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ अडवत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना किती शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, किती जण गेले, ते आपण ऐकलं आहे. तिथल्याही कितीतरी माणसांच्या अंगावर साधन नव्हतंच. फवारणीवरून आठवलं, औषधाची रिकामी बादली किंवा पंप गाडी धुवायला घेऊ नका.

आणि दोन औषधं एकत्र करायची नाहीत. याने गेलं नाही म्हणून त्यात ते घाल, ही आपली सवय स्वयंपाकात चालते, इथे नाही. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, आणि संडासाचं ॲसिड हे एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो जड असतो, जमिनीलगत राहतो. चाकाशी आपण कसे बसतो? उकिडवे, तोंड खाली. आधी टीसीएलने अंगण धुतलं आणि त्याच ओल्या जागी ॲसिड टाकलं तरी वायू निघू शकतो. खोकला, छातीत आग, डोळ्यांची आग सुरू झाली तर सगळं तिथेच टाकून वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा. बादली उचलायला परत येऊ नका.

लागलंच तर काय करायचं ते आता हळू सांगतो, म्हणजे लक्षात राहील. आपल्यातल्या कितीतरी जणी मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला जातात. हाताची आग झाली की आपण तेल लावतो, दूध लावतो. मिरचीला ते चालतं. ॲसिडला आणि कॉस्टिकला फक्त पाणी, वाहतं पाणी, किमान वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे बराच वेळ असतो, दोन मिनिटांत आपल्याला वाटतं झालं. घड्याळ बघा. भिजलेली साडी, झंपर, बांगड्या, अंगठी आधी काढा, लाजू नका, ओलं कापड ॲसिड धरून ठेवतं. हळद नको, टूथपेस्ट नको, चुना नको, सोडा नको. डोळ्यात गेलं तर तो डोळा खालच्या बाजूला येईल अशी मान तिरपी करून पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि तांब्याने किंवा नळाने पाणी सोडत राहा, म्हणजे ते दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. अंगावरचं दूध, तूप, काजळ काही घालू नका. वीस मिनिटांनी बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही.

लेकराने प्यायलं तर उलटी काढायची नाही. ही गोष्ट आम्ही तीनदा सांगू. उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, बोट घालायचं नाही. जाताना घसा जळलेला असतो, वर येताना तो पुन्हा जळतो. तोंड पाण्याने पुसून काढा, लिंबू-सोडा पाजून मारा करायच्या भानगडीत पडू नका, १०८ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन जा. बाटली बघूनच डॉक्टरांना कळतं. आणि उलटी काढायची नाही, हे तिसऱ्यांदा.

बाटलीवरून मुद्दा येतो सुट्या ॲसिडचा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला की दुकानदाराने ॲसिड असंच कुणालाही विकायचं नाही. घेणाऱ्याचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते विचारायचं, वहीत नोंद करायची, आणि १८ वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. तो आदेश बायकांच्या तोंडावर ॲसिड टाकण्याच्या प्रकारांमुळे आला, लक्ष्मी नावाच्या मुलीने लढलेल्या खटल्यातून. गाडी धुण्याचा आणि त्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की पाण्याच्या बाटलीत भरलेलं सुटं ॲसिड घराघरांत पडून असेल तर ते कुणाच्याही हाताला लागतं. रागावलेल्या माणसाच्या आणि तहानलेल्या लेकराच्याही. म्हणून आमच्या गटाने ठरवलं, सुटं ॲसिड आणायचं नाही आणि पोराला आणायला पाठवायचं नाही. संडासासाठी लागलं तर कंपनीची शिक्क्याची बाटली, तिच्याच झाकणासह, उंच आणि कुलपात. शीतपेयाच्या, पाण्याच्या, तेलाच्या बाटलीत काही ओतून ठेवायचं नाही. बॅटरीच्या आत भरलेलं असतं ते पाणी नसून ॲसिड आहे, तेही याच यादीत.

धुतलेलं पाणी कुठे सोडायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. कुणी म्हणालं नदीवरच गाडी न्यावी, पाणी भरपूर, अंगण खराब होत नाही. दसऱ्याला नदीत ट्रॅक्टर उभे करून धुतात, आपण पाहतोच. पण त्या गाडीचं ऑइल, डिझेल, ब्रेकचा भुगा खाली जातो. गोमाईचं पाणी प्रकाशाला तापीत मिळतं, तिथे लोक स्नानाला उतरतात. आणि ब्रेकच्या भुग्यात तांबंही असतं, ते पाण्यातल्या माशांना बाधतं. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली कायदे करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं, ते पाण्यातल्या माशांसाठीच. आपण निदान नदीत गाडी उतरवू नये. शेवटी ठरलं ते असं: विहीर, हापसा, बोअर आणि गुरांच्या पाण्याची टाकी यांपासून लांब, परसातल्या भाजीच्या वाफ्यात न जाणारं, मोकळ्या मातीच्या जागेत. नुसत्या शांपूचं पाणी माती जिरवते. क्लीनरचं पाणी कमीत कमी होईल इतकंच औषध वापरायचं. गोठ्याजवळ धुवू नका, बकरी साचलेल्या डबक्याला तोंड लावते.

धुऊन झालं की एक काम राहतं, ते घरच्या चालवणाऱ्याला सांगा. ओले ब्रेक नीट धरत नाहीत. हार घालून गाडी थेट रस्त्यावर काढायची नाही. आधी गल्लीत हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक हलका दाबायचा, पाणी उडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर तांबूस झाक दिसली तर घाबरून ॲसिड शोधू नका, ती दोन वेळा ब्रेक मारला की जाते. आणि चाकाखालचं लिंबू हे आंबटच असतं, त्याने चाकाला काही होत नाही, ते फुटून रस्त्यावर पडतं. शंका विचारली होती एकीने, म्हणून सांगितलं.

ज्यांना आपलं चाक पत्र्याचं की मॅगचं ते कळत नाही त्यांनी गटाच्या बैठकीला या. स्पीकरचं चुंबक आमच्याकडे आहे. घेऊन जा, लावून बघा, आणि दसऱ्याच्या आत परत आणून द्या. मागच्या वेळी नेलेलं एक अजून आलेलं नाही.